सूचना-यादीत जुळलेली अक्षरे नीट उठून दिसावीत म्हणून : व्हीएस कोडमधील बदल

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गावांच्या आणि पत्त्यांच्या लांबलचक याद्या टाइप कराव्या लागतात. 'बेळ' एवढे टाइप केले की व्हीएस कोड हा मजकूर लिहिण्याचा एडिटर बेळगाव, बेळगावी, बेळगुंदी, बेळवट्टी अशी यादी पुढे धरतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या-नव्या कागदांत दोन्ही रूपे येतात आणि फरक फक्त शेवटच्या वेलांटीचा. जुळलेला भाग नजरेला झटकन वेगळा दिसला, तरच डोळा थेट त्या शेपटाकडे जातो.

आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ही चार नावे आणि 'हुक्केरी' टाइप करून ठेवा. खालच्या ओळीत 'बेळ' लिहून कंट्रोल-स्पेस दाबा. यादी न येता कीबोर्डची भाषाच बदलली, तर ती जोडकळ इनपुट मेथडने, म्हणजे टाइप करायची भाषा बदलणाऱ्या प्रोग्रामने, घेतली आहे; लिनक्सवर एफसीआयटीएक्स हा तसा प्रोग्राम असताना हे नेहमी होते. तिथली कळ बदला.

आता कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'ओपन युजर सेटिंग्ज' शोधा आणि त्यातला 'जेसन' लिहिलेला पर्याय उघडा. बाहेरच्या महिरपी कंसात 'वर्कबेंच कलर कस्टमायझेशन्स' ही नोंद घाला, पुढे अपूर्णविराम (:) आणि नवा महिरपी कंस. नावे रोमन लिपीतच हवीत, पण पाठ करायची गरज नाही : अवतरणचिन्हांत 'सजेस्ट विजेट' लिहू लागलात की एडिटर स्वतःच ती सुचवतो. आपल्याला दोन हवीत. 'हायलाइट फोरग्राउंड' सर्व ओळींसाठी आणि 'फोकस हायलाइट फोरग्राउंड' निवडलेल्या ओळीसाठी. बरेच जण पहिलीच बदलतात. मग यादी छान दिसते, पण ज्या ओळीवर एंटर मारायचा तिथेच निळ्यावर निळा रंग उरतो. आधीच्या नोंदीनंतरचा स्वल्पविराम द्यायचा राहिला तर खाली लाल नागमोडी रेघ येते.

प्रत्येक नावापुढे रंगाचा कोड द्या; त्याच्या शेजारी छोटा चौकोन दिसतो. त्यावर माउस नेला की रंगपेटी उघडते. गडद थीमवर हळदी किंवा केशरी, उजळ थीमवर गडद तांबडा चांगला चालतो. पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ ठेवा, आणि निवडलेल्या ओळीची पार्श्वभूमी वेगळी असल्याने तिच्याशी वेगळा तपासा. न जुळलेला भाग मात्र फिका करू नका. वाचायचा तोच असतो.

अक्षराचा आकारही महत्त्वाचा. 'सजेस्ट फॉन्ट साइझ' १६ आणि 'सजेस्ट लाइन हाइट' २८ करून पाहा. ओळ अरुंद असेल तर रफार आणि उकार कापले जातात. जुळलेली अक्षरे ठळकही होतात, म्हणून देवनागरीचे खरे बोल्ड वजन असलेला फॉन्ट घ्या. नसेल तर शिरोरेषा कृत्रिमपणे जाड होते आणि मात्रा एकमेकींत मिसळतात.

आता 'हुक' लिहून यादी पाहा. हुक्केरीतला क्के हे वाचणाऱ्याला एक अक्षर, पण साठवणुकीत क, हलन्त, क, मात्रा असे चार तुकडे. जुळणी पहिल्या क वरच संपते, म्हणून रंग जोडाक्षराच्या मधोमध तुटू शकतो. सेटिंगमध्ये यावर इलाज नाही. टाइप करताना पूर्ण जोडाक्षर लिहिले की रंग जागेवर बसतो. स्वतः एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडायचा प्रोग्राम, लिहिणाऱ्यांनी मात्र रंगाची हद्द अक्षरगटाच्या टोकापर्यंत वाढवावी. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी 'इंटल सेगमेंटर' आहे. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोड या अक्षरांच्या कोडांच्या प्रमाणकाच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याआधीच्या लायब्ररी क् आणि के वेगळेच मोजतात.

दिसायला तोच शब्द असूनही यादीत येतच नसेल, तर रंगाला दोष देऊ नका. 'शेतकऱ्यांचा' मधला ऱ एकाच कोडाचा असतो, किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन कोडांचा. 'ॲ' चेही तसेच : एक कोड, किंवा अ आणि वर चंद्र. फाइंड-रिप्लेसने संपूर्ण फाइलमध्ये एकच रूप करा, आणि बदलाआधी फाइलची प्रत काढून ठेवा.