ग्राफिक्स कार्ड बदलायला निघण्याआधी

‘लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड वाढवून द्या’ म्हणत पुण्याच्या तपकीर गल्लीत शिरलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला लांबूनच ओळखू येतं. त्याला रॅम विकता येते, नवा लॅपटॉप विकता येतो, आणि काहीच जमलं नाही तर विंडोज नव्याने टाकून पाचशे रुपये घेता येतात. तेव्हा घराबाहेर पडण्याच्या आदल्या संध्याकाळी ही तयारी करा. दीड-दोन तास जातील, कागद-पेन लागेल, खर्च शून्य.

उदाहरणाला माझ्या भाचीचा लॅपटॉप घेतो. ती आर्किटेक्चरला आहे. मशीन २०१७चं, आय-फाइव्ह ७२००यू प्रोसेसर, एनव्हिडियाचं दोन जीबीचं ९४०एमएक्स कार्ड, आठ जीबी रॅम. ‘मामा, सगळं अडकतंय, कार्ड बदलून मिळेल का?’ असा फोन आला. सगळं म्हणजे काय, हे आधी कागदावर लिही म्हटलं. कोणतं सॉफ्टवेअर, कोणती फाइल, नेमकं काय करताना अडकतं. तिने लिहिलं: स्केचअपमध्ये (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) हॉस्टेलचं मॉडेल फिरवताना धक्के बसतात, आणि लुमियनमध्ये (त्या मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढणारं) रेंडर लावला की बंदच पडतं. एका तक्रारीच्या दोन झाल्या, आणि दोन्हींचं उत्तर वेगळं निघालं. ‘स्लो आहे’ एवढंच लिहून दुकानात जाणं म्हणजे डॉक्टरकडे जाऊन ‘बरं नाही’ म्हणून गप्प बसणं.

आता ती अडकणारी फाइल उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डावीकडे सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क आणि खाली जीपीयूचे (ग्राफिक्सच्या चिपचे) आलेख दिसतील. वेगळं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर बहुधा दोन जीपीयू दिसतात, एक प्रोसेसरमधलंच आणि एक वेगळं. मॉडेल फिरवत राहा आणि कोणता आलेख छताला टेकतो ते लिहा. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली असेल आणि आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी (फिरत्या भागांविना चालणारी वेगवान डिस्क) टाका आणि ही यादी इथेच सोडा. मेमरी नव्वदच्या पुढे असेल तर त्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ (रॅमच्या किती खाचा भरल्यात) पुढे काय लिहिलंय ते उतरवून घ्या. दोनपैकी एकच वापरात असेल तर आशेला जागा आहे. एकच सीपीयू आलेख दिसत असेल तर त्यावर राइट क्लिक करून गाभ्यांचे, म्हणजे कोअरचे, वेगवेगळे आलेख लावा. स्केचअपचं बरंचसं काम एकाच गाभ्यावर चालतं, त्यामुळे सीपीयू पंचवीस-तीस टक्के दिसत असूनही प्रोसेसर दमलेला असू शकतो.

भाचीच्या पडद्यावर मात्र वेगळीच गंमत होती. जीपीयू ०, म्हणजे इंटेलचं, घामाघूम. जीपीयू १, एनव्हिडियाचं, शून्य टक्के. ज्या कार्डाला बदलायला ती निघाली होती, त्या कार्डाला स्केचअपने हातच लावला नव्हता! सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन स्केचअपपुढे ‘हाय परफॉर्मन्स’ निवडलं, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, आणि धक्के निम्म्याहून कमी झाले. हे तपासताना चार्जर लावलेला असू द्या. बॅटरीवर असताना बरेच लॅपटॉप कार्डाचा श्वास आवळतात.

मग उष्णता. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावून तीच फाइल दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि तापमान बघा. पंचाण्णवच्या पुढे जाऊन वेग खाली येत असेल, तर कार्ड कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. मशीन स्वतःला जळण्यापासून वाचवतंय. भाचीच्या मशीनचं मागचं झाकण उघडून बघितलं तर पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे धुळीची अक्षरशः घोंगडी विणलेली होती. चिमट्याने धरून एका तुकड्यात बाहेर आली. चिपवरची थर्मल पेस्ट (उष्णता पुढे पोचवणारा लेप) खडूसारखी वाळली होती. सफाई आणि नवी पेस्ट, बस. स्वतः उघडणार असाल तर आधी बॅटरीची वायर सोडवा आणि स्क्रू ज्या जागचे त्याच जागी कागदावर टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी घुसवून बोर्ड फोडलेली माणसं मी पाहिली आहेत. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर मात्र बाकी सगळं थांबवा. ते मशीन वापरायचं नाही, बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, आधी दुरुस्तीवाल्याकडे न्यायचं.

एवढं झाल्यावर मूळ प्रश्न. लॅपटॉपचं कार्ड बदलता येतं का? जवळजवळ कधीच नाही. डेस्कटॉपसारखं ते खाचेत बसवलेलं नसतं. चिपच्या पोटाखाली खसखशीएवढे शेकडो डाखाचे गोळे असतात आणि त्यांनी ती मदरबोर्डला चिकटलेली असते. दोन जीबीचं कार्ड चार जीबीचं करणं हाही प्रकार नाही. अपवाद एमएक्सएम नावाच्या सुट्या कार्डांचा. डेलच्या प्रिसिजन, एचपीच्या झेडबुक किंवा एमएसआयच्या जाडजूड गेमिंग लॅपटॉपमध्ये काही वर्षं ती येत असत. तुमचं मॉडेल त्यातलं असलं तरी हीटसिंकची (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाची) भोकं जुळणं, बायॉसने (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमने) नवं कार्ड ओळखणं आणि चार्जरला तेवढी वीज झेपणं, हे तिन्ही जमावं लागतं. बंद पडलेली चिप ‘गरम करून चालू करून देतो’ म्हणणाऱ्याला मी एकदा साडेतीन हजार दिले होते. दीड महिना चालली.

दुसरी वाट बाहेरून कार्ड जोडण्याची. त्यासाठी साधारणपणे लॅपटॉपला थंडरबोल्ट, म्हणजे टाइप-सीच्या भोकातून चालणारी वेगवान जोडणी, हवी. टाइप-सीच्या भोकाशेजारी विजेची खूण बघा, आणि मॉडेलच्या माहितीपत्रकातही तो शब्द शोधा, कारण प्रत्येक टाइप-सी थंडरबोल्ट नसतं. थंडरबोल्ट ३चा वेग ४० गिगाबिट आणि पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या रस्त्याच्या) चारच लेन, जिथे डेस्कटॉपमधल्या मोठ्या कार्डाला सोळा मिळू शकतात. शिवाय पेटी, पॉवर सप्लाय, कार्ड आणि शक्यतो वेगळा मॉनिटर, असा सगळा हिशेब मांडला की एक बरा डेस्कटॉप उभा राहतो. माझं स्पष्ट मत: ज्याचं जड काम घरच्या टेबलावरच होतं, त्याने जुना लॅपटॉप हलक्या कामाला ठेवावा आणि डेस्कटॉप जोडावा. मुलांना हे ऐकायला आवडत नाही, कारण डेस्कटॉप कट्ट्यावर नेता येत नाही.

ज्यांच्याकडे वेगळं कार्डच नाही, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स आहे, त्यांना रॅमची दुसरी पट्टी खरोखर उपयोगी पडते. हे ग्राफिक्स रॅममधूनच जागा उसनी घेतं, आणि दोन पट्ट्या असल्या की त्या रस्ताही दुपदरी करतात. इंटेलच्या काही प्रोसेसरवर तर एकच पट्टी असताना ‘यूएचडी’ असं नाव दिसतं आणि दुसरी बसवल्यावर तेच ‘आयरिस एक्सई’ होतं. पण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, तेव्हा जुन्या आठवणीवर बजेट आखू नका, त्या दिवशीचा भाव विचारा.

वयाचाही एक रकाना कागदावर असू द्या. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, भाचीचा सातव्या पिढीचा, म्हणजे उंबऱ्यावरच अडला. ९४०एमएक्ससारख्या मॅक्सवेल पिढीच्या कार्डांना एनव्हिडिया आता फक्त सुरक्षेपुरते ड्रायव्हर देते, तेही ऑक्टोबर २०२८पर्यंत.

मग पैशाचा प्रश्न मी असा विचारतो: जुन्यावर जे घालणार, त्यातलं नव्याकडे काय घेऊन जाता येईल? एसएसडी पेटीत घालून बाहेरची डिस्क होते, मॉनिटर राहतो. जुनी रॅम, बॅटरी, कीबोर्ड त्या मशीनबरोबरच जातात. भाचीचं ठरलं ते असं: सफाई आणि सेटिंग, त्यापुढे या मशीनवर रुपयाही नाही. या वर्षीचे लुमियनचे रेंडर कॉलेजच्या लॅबमध्ये. थीसिसच्या आधी नवा.

नवा बघताना कार्डाच्या नावावर भाळू नका, वॅट विचारा. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपमध्ये ३५ वॅटचंही असतं आणि ११५ वॅटचंही, स्टिकर मात्र एकच. व्हीआरएएम (कार्डाची स्वतःची मेमरी) किती, रॅमचा स्लॉट मोकळा आहे का, आणि चार्जर हातात घेऊन त्याचं वजन, एवढं बघा.

जुनं मशीन दुरुस्तीला किंवा एक्स्चेंजला देण्यापूर्वी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर उतरवा. बोर्ड किंवा बायॉस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि तेव्हा ती आठवत नसते. पिशवीत चार्जर, आकड्यांचा कागद आणि पेन ड्राइव्हमध्ये तुमची स्वतःची अडकणारी फाइल असू द्या. भाची परवा नुसता अंदाज घ्यायला हॉस्टेलचं मॉडेल घेऊन गेली. पहिल्या दुकानात पेन ड्राइव्ह लावू दिला नाही, मासे पोहतानाचा व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या दुकानातल्या पोराने स्केचअपची ट्रायल टाकून फाइल उघडली, मॉडेल फिरवलं आणि म्हणाला, ‘ताई, यात झाडंच फार झालीत.’