किनाऱ्यावरचे पक्षी मोजायचे कसे (आधी तिथी बघा!)

पहिल्या वर्षी मी जो गाढवपणा केला तो आधी सांगतो. आंजर्ल्याला खाडीच्या तोंडाशी एका रविवारी सकाळी गेलो तर चिखल्या पक्षी दोनशेच्या वर, पुढच्या रविवारी बरोबर त्याच वेळेला गेलो तर जेमतेम चौदा. झालं, पक्षी संपले म्हणून ग्रुपवर बोंब ठोकली. शेजारचे होडीवाले काका म्हणाले, "अरे पण पाणी कुठं होतं तेव्हा?" ते मी बघितलंच नव्हतं.

सुकतीला, म्हणजे ओहोटीला, हे पक्षी अख्ख्या चिखलावर पांगून किडे नि बारीक कुर्ल्या शोधत असतात, भरतीने चिखल बुडाला की सगळे येऊन एकाच पुळणीवर दाटीने उभे राहतात, निम्मे तर एका पायावर. मोजायची वेळ हीच. पण भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास, म्हणजे गेल्या रविवारी भरती तर ह्या रविवारी त्याच वेळेला सुकती. माझे दोनशेचे चौदा तसे झाले.

म्हणून वार नाही, तिथी धरा. आपल्याकडचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्दशी असेल तर १४ ची पाऊणपट साडेदहा, शुद्ध असो की वद्य. थोडं मागेपुढे होतं, मोबाईलवर एकदा ताडून बघा. मी चतुर्दशीच धरतो कारण तेव्हा उधाण असतं, चिखल पूर्ण बुडतो. भांगाला, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, तो निम्मा उघडाच राहतो नि पक्षी पांगलेलेच राहतात.

जागा ठरलेली पाहिजे. माझी देवळापासून सुरूच्या बनापर्यंत, पुढे कितीही मोठा थवा दिसला तरी तो धरत नाही. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागेत मावतात ते डोळ्यात बसवा आणि मग दहा-दहाचे तुकडे पाडत जा. उडाले तर परत बसेपर्यंत थांबा, मागे धावू नका. एप्रिलच्या आसपास तर अजिबात नको, तेव्हा चिखल्याची करडी छाती विटकरी व्हायला लागलेली असते, त्याला तिबेटकडे अंडी घालायला जायचं असतं, त्यासाठी साठवलेली चरबी आपण उगाच उडवून खर्च करायला लावतो. (कुत्री सोबत नेणाऱ्यांनो, तुम्हालाच सांगतोय.)

नोंद ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट आणि ॲप) टाकायची, फुकट आहे. किती वाजता सुरू केलं, किती मिनिटं, किती चाललात आणि दिसलेले सगळे पक्षी. ओळखू आला नाही तर नुसतं 'चिखल्या' टाका, ठोकून देऊ नका. लोक घोळ घालतात तो इथेच, समुद्री गरुड दिसला की फोटोसकट टाकतात, पण कावळा-घार कोण लिहितो! गिधाडांचं तेच झालं. इतकी होती की मोजायची गरजच कुणाला वाटली नाही, नि १९९० नंतर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त गेली. भरतपूरला पक्षी-अभ्यासक विभू प्रकाश यांच्याकडे आधीच्या नोंदी होत्या म्हणून घसरण पकडता आली, गुरांना द्यायचे ते डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध कारण आहे हे २००४ ला कळलं आणि २००६ ला आपल्याकडे गुरांसाठी त्यावर बंदी आली. आता २०२३ च्या देशभरातल्या पक्ष्यांच्या अहवालात ९४२ जातींचा हिशोब मांडलाय, तो तीस हजारांवर हौशी लोकांनी टाकलेल्या अशाच याद्यांवर. तुमची 'आज कुरव एकही नाही' ही यादी पण त्यात कामाची, फक्त दिसलेलं सगळं लिहिलंय का असं ईबर्ड विचारतं तिथे 'हो' म्हणायला विसरू नका.

शेवटी पाय बघा. एखाद्याच्या पायाला अभ्यासकांनी ओळखीसाठी बसवलेली रंगीत पट्टी असते, मग उजवा की डावा, गुडघ्यासारखं दिसतं त्या सांध्याच्या वर की खाली, रंग वरून खाली कुठल्या क्रमाने, अक्षरं काय, हे लगेच वहीत लिहा, घरी जाऊन आठवत नाही. फोटो अंधुक आला तरी ठेवा आणि मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. मेलेला पक्षी मिळाला तर धातूच्या कडीवरचा नंबर आधी चारी बाजूंनी फोटोत घ्या, बऱ्याचदा तो वाळूने इतका घासलेला असतो की तिरप्या उजेडातच वाचता येतो.