बाहेरच्या डिस्कवरचं एनक्रिप्टेड होम फोल्डर उघडत नसेल तर

ताईच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, म्हणून आतली डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घातली आणि माझ्या उबुंटू (लिनक्स) मशीनला जोडली. होम फोल्डरमध्ये दोनच फाइली: एक रीडमी आणि एक 'ॲक्सेस युअर प्रायव्हेट डेटा'. "सगळं पुसलं गेलं का रे?" ताईचा आवाज कापत होता. काहीच पुसलं गेलं नव्हतं. तुमच्यासमोर या दोन फाइली असतील तर आधी एवढंच करा: डिस्क फॉरमॅट करू नका आणि तिच्यावर काही लिहू नका. जमल्यास ती रीड-ओन्ली माउंट करा, म्हणजे फक्त वाचता येईल अशी जोडा.

उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये पूर्वी होम एनक्रिप्ट (कुलूपबंद) करायचा पर्याय असायचा, १८.०४ पासून तो काढला. त्यामागे ईक्रिप्टएफएस ही फाइली कुलूपबंद ठेवणारी व्यवस्था असते. खरा डेटा डिस्कवरच्या होममध्ये 'डॉट ईक्रिप्टएफएस' या लपलेल्या फोल्डरात, वापरकर्त्याच्या नावाखाली 'डॉट प्रायव्हेट'मध्ये असतो. लपलेल्या फाइली दाखवायला कंट्रोल-एच दाबा. तिथे लांबलचक, अगम्य नावांच्या फाइली दिसल्या की समजा, डेटा जागेवर आहे. वापरकर्त्याच्या होममधल्या शॉर्टकटवरून मात्र जाऊ नका. ती लिंक मूळ मशीनचा पूर्ण पत्ता धरून असते, त्यामुळे ती तुमच्याच मशीनच्या होममध्ये शोधते आणि 'सापडत नाही' म्हणते. यात माझी पहिली संध्याकाळ गेली.

आता ईक्रिप्टएफएस-युटिल्स हे पॅकेज टाका. मग सुडो (रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, हक्काने कमांड चालवायचा शब्द) लावून 'ईक्रिप्टएफएस-रिकव्हर-प्रायव्हेट' ही कमांड द्या आणि पुढे त्या डॉट प्रायव्हेटचा पूर्ण पत्ता लिहा. (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.) लॉगिन पासवर्ड माहीत आहे का, असं ती विचारते. हो म्हणून पासवर्ड द्या. जमलं तर टेम्प फोल्डरात डेटा रीड-ओन्ली उघडतो.

आमचं जमलं नाही. पासवर्ड चुकीचा, असं तीनदा आलं, आणि ताई शपथेवर सांगत होती की तोच आहे. इथे कुलूप कसं चालतं ते समजून घ्या. फाइली लॉगिन पासवर्डने बंद होत नाहीत. त्या ३२ अक्षरांच्या माउंट पासफ्रेजने बंद होतात आणि तो पासफ्रेज 'रॅप्ड-पासफ्रेज' नावाच्या छोट्या फाइलीत लॉगिन पासवर्डने गुंडाळलेला असतो. नेहमीच्या पद्धतीने स्वतः पासवर्ड बदलला तर ही गुंडाळीही बदलते. रूटने बाहेरून बदलला तर जुनीच राहते. खोदून विचारल्यावर ताईला आठवलं, एका दुरुस्तीवाल्याने रिकव्हरी मोडमधून पासवर्ड बदलून दिला होता. त्याच्या आधीचा पासवर्ड टाकला आणि पुढची पायरी उघडली. म्हणून जुने पासवर्ड आठवून वहीत लिहा आणि एकेक करून पाहा.

कोणाकडे इन्स्टॉल करताना टिपून ठेवलेला माउंट पासफ्रेज असेल तर लॉगिन पासवर्डच्या प्रश्नाला 'नाही' म्हणा, तो थेट विचारला जातो. रॅप्ड-पासफ्रेजही गेली आणि पासफ्रेजही नाही, तर मात्र मार्ग उरत नाही. हे सांगताना वाईट वाटतं, पण खोटी आशा दाखवणं त्याहून वाईट.

पासवर्ड बरोबर असूनही माउंट करताना 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही' आलं, तर बहुतेक वेळा किल्ली कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) एका कीरिंगमध्ये, म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्यात असते आणि माउंट दुसऱ्यात शोधतं. 'सुडो -आय'ने रूट शेल (रूटच्या हक्काने कमांड द्यायची खिडकी) उघडा, त्यात 'कीसीटीएल लिंक @यू @एस' द्या आणि त्याच शेलमध्ये रिकव्हरची कमांड पुन्हा चालवा. आमचं शेवटचं अडलेलं इथेच सुटलं.

उघडल्यावर लगेच सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. कॉपी रूटने केली असेल तर फाइलींची मालकी 'चओन' या कमांडने आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर 'परवानगी नाही' येत राहील. माउंट पासफ्रेजही 'ईक्रिप्टएफएस-अनरॅप-पासफ्रेज'ने काढून कागदावर लिहा. ताईचा कागद आता तिच्या कपाटात, पासपोर्टच्या पाकिटात आहे.