बॅटरीच्या रेल्वेत काम करायचंय? आधी बोल्ट आवळायला शिका

माझं गाव दारव्ह्याकडचं, शकुंतला नावाच्या जुन्या छोट्या रेल्वेच्या रुळाला लागून. यवतमाळ-मूर्तिजापूर 113 किलोमीटर, अडीच फुटी लाईन, 1921 साली मँचेस्टरात बनलेलं वाफेचं इंजिन त्यावर 1994 पर्यंत चाललं, मग डिझेल आलं आणि नंतर गाडीच बंद झाली. आता रुळात बाभळी उगवल्यात. त्यामुळे इलेक्ट्रिकल डिप्लोमा झाल्यावर मी घरी सांगितलं की बॅटरीवरच्या रेल्वेच्या कामात जातो, तर आबाजी म्हणे, "कोळसा नाई, डिझेल नाई, वरतून तार बी नाई, मंग ते चालते कशावर बाप्पा?"

हाच प्रश्न पुढे इंटरव्ह्यूत आला, फक्त इंग्रजीत. म्हणून आधी तेवढं नीट समजून घ्या. ज्या लाईनवर दिवसातून चार-सहा फेऱ्या अन दोन डबे, तिथं पूर्ण लांबीची तार टाकायचा खर्च निघत नाही, म्हणून तिथं डिझेलचा डबा चालत राहतो, आणि त्याच्या जागी काय आणायचं हा सगळा खेळ आहे. जपानात करासुयामा लाईनवर 2014 पासून बॅटरीची गाडी आहे. लाईन जेमतेम 20 किलोमीटर, शेवटच्या स्टेशनात तेवढ्यापुरती तार, तिथं पँटो (छतावरचा, तारेला टेकून वीज घेणारा सांगाडा) वर करायचा, चार्ज घ्यायचा, निघायचं. ब्रेक लावला की मोटर जनरेटर होते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. जर्मनीत उत्तरेकडे श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये अशा 55 गाड्यांची ऑर्डर होती, 2023 पासून चालू झाल्या.

आता माझी चूक सांगतो. मी पास झालो तेव्हा सगळीकडे हायड्रोजन हायड्रोजन चालू होतं, जर्मनीतली हायड्रोजनची गाडी 2018 लाच धावायला लागलेली, तर मी एका खाजगी क्लासमध्ये 40 हजार भरून सर्टिफिकेट घेतलं. बाबांनी कापूस विकून दिलेले पैसे होते. तिथं तीन महिने स्लाईड दाखवल्या, एक वायर हातात दिली नाही. आणि साधा हिशोब कोणी मांडून दाखवला नाही की 1 किलो हायड्रोजन पाण्यापासून बनवायला 50-55 युनिट वीज लागते, आणि फ्युएल सेलमधून (हायड्रोजनची परत वीज करणारं यंत्र) परत हाती येतात 16-17 युनिट. दाबून भरायचा खर्च वेगळाच. बॅटरीत घातलेल्या विजेतला बराच मोठा भाग चाकापर्यंत पोचतो. ज्या जर्मन राज्यानं हायड्रोजनची सुरुवात केली त्यांनीच पुढच्या गाड्या बॅटरीच्या घ्यायचं ठरवलं, स्वस्त पडतात म्हणून. हायड्रोजन वाईट असं नाही, लांब पल्ला असला, मधे चार्जिंगची सोय नसली तर जमतं. पण त्याच्या नावावर पैसे भरू नका.

आपल्याकडचं पण खरं ऐका. हरियाणात जींद-सोनीपत या 89 किलोमीटरच्या लाईनसाठी चेन्नईच्या आयसीएफमध्ये, म्हणजे रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात, हायड्रोजनची गाडी बनवली, पण ब्रॉडगेजवर जवळपास सगळीकडे तार आलेलीच आहे. म्हणजे "हायड्रोजन इंजिनिअर" अशी भरती निघेल म्हणून वाट बघत बसाल तर वय निघून जाईल. काम आहे ते कन्व्हर्टर, मोटर, बॅटरी पॅक बनवणाऱ्या आणि टेस्ट करणाऱ्या कंपन्यांत, त्यातला बराच माल बाहेर जातो.

मला पहिली नोकरी पुण्याकडे टेस्टिंगला लागली. पहिल्याच मे महिन्यात एक पॅक टेस्टवर होता, सगळे रीडिंग बरोबर, पण थर्मल कॅमेऱ्यात एका बसबारचा (वीज वाहून नेणारी धातूची पट्टी) कोपरा बाजूच्यापेक्षा 20 डिग्री जास्त दिसला. सेल बिघडला असेल म्हणून आम्ही दोन तास डेटा चाळत बसलो. शेवटी सिनिअर ताईंनी सप्लाय काढायला लावला, लॉक लावला, व्होल्टेज नाही हे मीटरनं तपासलं, मग टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) लावला तर बोल्ट पाऊण फेरा फिरला. त्यावर मार्करची रेघ होती, जी आवळून झाल्यावरच मारायची असते, म्हणजे कोणीतरी न आवळताच रेघ मारली होती. (तो कोणीतरी मीच होतो, तेव्हा बोललो नाही, दोन दिवसांनी सांगितलं.) म्हणून म्हणतो, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), टॉर्क रेंच, लग क्रिम्पिंग (वायरच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवणं) यावर हात बसू द्या. अप्रेंटिसशिप मिळत असेल तर स्टायपेंड किती ते बघू नका, रेल्वेच्या शेडमधली मिळाली तर सोनंच.

रेल्वेतच जायचं असेल तर जेईला (ज्युनिअर इंजिनिअर) डिप्लोमा चालतो, असिस्टंट लोको पायलटला दहावी अन आयटीआय पण चालतं, पण डोळे आधी तपासून घ्या. चष्म्याशिवाय 6/6 लागतं, लेसर केलेलं चालत नाही. माझा रूममेट परीक्षा काढून मेडिकलला गेला आणि रंग ओळखण्यात अडकला, दोन वर्षं गेली पोट्ट्याची.

आणि एक वही करा. आपल्या जवळची कोणतीही लाईन घ्या अन गाडी कागदावर चालवा. मी शकुंतला घेतली होती: 113 किलोमीटर, किलोमीटरला 4 युनिट धरले, म्हणजे साडेचारशे युनिट, मग पॅक किती टनाचा, विदर्भाच्या 46 डिग्रीत कूलिंगला किती जाईल, मूर्तिजापूरला किती वेळ चार्जिंग. इंटरव्ह्यूत सर्टिफिकेट कोणी उघडलं पण नाही, वही अर्धा तास बघितली. आणि विचारलं, चढ किती धरला? धरलाच नव्हता मी! घरी आल्यावर आबाजींना सांगितलं तर हसत सुटले, "काहून नाई धरला? चढावर आमी खाली उतरून गाडीसंगं पायी चालत जात होतो ना."