कोच बदलायच्या आधी या चुका टाळा

फुटबॉलच्या तीन मॅच हरल्या की पानठेल्यावर एकच विषय निघतो : कोच काढा. संघ तालुक्याचा असो नाहीतर रात्री जागून मोबाइलवर पाहिलेला परदेशातला क्लब असो, रोग तोच ठरतो आणि औषधही तेच. आता आपल्याकडेही मॅचमागे पैसे देऊन खेळाडू आणणाऱ्या कमिट्या झाल्या आहेत. त्यांना हा निर्णय खरोखर घ्यावा लागतो आणि चुकला तर अख्खा हंगाम जातो.

स्कोअर पाहून कोचचा निकाल लावणं

सगळ्यात मोठी चूक हीच. कबड्डीत एका मॅचमध्ये गुणांचा ढीग पडतो, त्यामुळे चांगला संघ बहुतेक वेळा पुढे निघतो. फुटबॉलचं तसं नाही. मोठ्या लीगमध्येसुद्धा दोन्ही संघांचे मिळून सरासरी तीनच्या आसपास गोल होतात. साधारण दहा शॉट मारले तर एक आत जातो. चार पेनल्टी मिळाल्या तर एखादी वाया जातेच. एक बॉल खांबाला लागून बाहेर आला की जिंकलेली मॅच हरता येते, आणि त्यात कोचचा काडीचाही दोष नसतो.

म्हणून गोल नव्हे, संधी मोजा. त्याला शंभर पानी वही पुरते. पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे आपण, उजवीकडे समोरचे. पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या, आतून मारलेल्या प्रत्येक शॉटला एक काडी. समोर फक्त गोलकीपर उरला असताना मारला असेल तर काडीभोवती वर्तुळ काढा. बाजूला मिनिट लिहा. पंचवीस-तीस मीटरवरून हाणलेले शॉट लिहायचेच नाहीत. ते पाहायला भारी वाटतात, आत क्वचितच जातात. वही बेंचवरच्या पोट्ट्याच्या हातात देऊ नका. तो मॅचमध्ये गुंगतो आणि दुसऱ्या हाफची पानं कोरी राहतात. मधल्या रेषेजवळ शांत बसणारा एखादा वयस्कर माणूस बघा.

आठ-दहा मॅच होईपर्यंत बेरीज करू नका. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. तीन मॅचच्या काड्या मोजून "बघा, सांगितलं होतं ना" म्हणणाऱ्यांनी वही हातात घेऊ नये. दहा मॅचमध्ये आपल्या काड्या साठ, त्यांच्या चाळीस आणि तरी सहा हार, तर कोचचं काम नीट चाललं आहे. फॉरवर्डकडे बघा, गोलकीपरकडे बघा. काड्याच महिन्यामागून महिना घटत असतील, तेव्हा कोचबद्दल बोला.

जर्मनीतल्या बोरुसिया डॉर्टमुंडचं उदाहरण कमिटीच्या प्रत्येक माणसाला माहीत असावं. कोच युर्गेन क्लॉपने त्यांना 2011 आणि 2012 मध्ये लीग जिंकून दिली, 2013 मध्ये युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, चॅम्पियन्स लीगच्या, फायनलपर्यंत नेलं. 2014-15 च्या हंगामात तोच संघ अर्ध्या टप्प्यावर 18 संघांत 17 वा. फेब्रुवारी 2015 च्या सुरुवातीला घरच्या मैदानावर ऑग्सबर्गकडून 0-1 हरले, तेही समोरचा एक खेळाडू रेड कार्ड घेऊन बाहेर गेलेला असताना. त्या रात्री संघ तळाला होता. प्रेक्षक इतके चिडले की डिफेंडर हुमेल्स आणि गोलकीपर वायडेनफेलर यांना जाळीपाशी जाऊन त्यांची समजूत काढावी लागली. पण संधी मोजणाऱ्यांना दिसत होतं की हा संघ तळाच्या लायकीचा खेळत नाही. क्लबने क्लॉपला काढलं नाही. पुढच्या चारही लीग मॅच डॉर्टमुंडने जिंकल्या, शेवटी सातवा क्रमांक आणि जर्मन कपची फायनल. हंगाम संपल्यावर क्लॉप स्वतःच्या मर्जीने गेला.

आता विचार करा, त्या रात्री त्याला काढून दुसरा बसवला असता तर? त्या चार विजयांचं श्रेय नव्या माणसाला गेलं असतं आणि सगळं जग म्हणालं असतं, बदल केला म्हणून वाचले.

"नवा आला आणि जिंकलो" यावर विश्वास ठेवणं

कोच काढला जातो तो संघ अगदी खाली गेल्यावर. तिथून वर यायला अनेकदा काहीच करावं लागत नाही, फुटलेलं नशीब सरळ झालं तरी पुरतं. हॉलंडच्या लीगमधल्या 1986 ते 2004 च्या हंगामांचा अभ्यास झाला आहे. कोच काढलेले संघ सावरले, पण तितकेच खाली जाऊन ज्यांनी कोच ठेवला तेही जवळपास तसेच सावरले.

इंग्लंडच्या लेस्टर सिटीने 2016 मध्ये लीग जिंकून देणाऱ्या कोच रानिएरीला फेब्रुवारी 2017 मध्ये काढलं. सहायक क्रेग शेक्सपियरने पहिल्या पाच लीग मॅच जिंकल्या आणि त्या जोरावर त्याला कायम केलं. ऑक्टोबर 2017 मध्ये त्यालाही काढलं.

निर्णयाआधी वेळापत्रकही तपासा. पहिल्या पाचात चार तगडे संघ आणि तेही त्यांच्या मैदानावर असतील, तर पुढचे पाच आपोआप सोपे येणार आहेत.

गोल कोणत्या मिनिटाला बसले हे न पाहणं

वहीत मिनिट लिहायला सांगितलं ते यासाठी. सत्तराव्या मिनिटानंतरच गोल खात असाल तर दोष डावपेचात नाही, दमात आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 ला टेकतो आणि तरी चारच्या उन्हात दोन तास सराव चालतो. सकाळी सहा ते सव्वासात घ्या. मॅचच्या दोन तास आधी प्रत्येकाच्या पोटात अर्धा लिटर पाणी गेलं पाहिजे. हाफटाइमला लिटरभर पाण्यात एक पुडी या मापाने ओआरएस द्या. मॅचआधी रेफरीकडे कूलिंग ब्रेक, म्हणजे उन्हात अंग थंड करायचा थांबा, मागा. नियमात दीड ते तीन मिनिटांची मुभा आहे, मागायला कमीपणा कसला?

गोल कॉर्नरवरून बसत असतील तर कोच बदलायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं फक्त कॉर्नर अडवण्याचा सराव, तीन आठवडे. जवळच्या खांबाशी एक माणूस पक्का उभा करा आणि तो दर मॅचला बदलू नका.

आणि हजेरीची वही काढा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी एकदम येते. अर्धी बॅकलाइन (बचावफळी) वावरात असते, दर रविवारी नवे अकरा उतरतात. त्या दोन महिन्यांतल्या पराभवांवर कोणत्याही कोचला जोखू नये. जोखायचंच असेल तर वेळापत्रक बनवणाऱ्या कमिटीला जोखा.

बाकीच्या चुका थोडक्यात. रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर निर्णय घेऊ नका. हाफटाइमला कमिटीने खेळाडूंना शिकवू नये. देणगीदाराचा मुलगा खेळवला नाही, हे कोच काढायचं कारण नाही. तीन महिने मानधन थकवून "कोच मन लावत नाही" असं म्हणू नये.

फर्ग्युसनचं नाव घेऊन कुणालाही वाचवणं

ही उलटी चूक. अलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडला कोच म्हणून आला आणि लीग जिंकायला त्याला 1993 उजाडलं, हे खरं. पण मधे 1987-88 ला संघ दुसरा आला होता आणि 1990 मध्ये एफए कप ही इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा जिंकली होती. काही उगवताना दिसत होतं. काहीच उगवत नसेल तर थांबण्यात अर्थ नाही.

तीन खुणा पाहा. काड्या सलग दहा मॅच घटत आहेत. सरावाला अठरा यायचे ते कारण नसताना अकरावर आले. सांगून, दाखवूनही तोच गोल त्याच पद्धतीने बसतो आहे. तीनपैकी दोन असतील तर बदला, पण दुसरा माणूस हाताशी असेल तेव्हाच आणि मधे किमान तीन आठवड्यांची सुट्टी असेल तेव्हाच. कोलकात्याच्या मोहन बागानने जानेवारी 2024 मध्ये सलग तीन पराभवांनंतर कोच फेरांडोला काढलं आणि एप्रिलमध्ये लीग शील्ड, म्हणजे लीगमध्ये पहिलं येणाऱ्याची ढाल, जिंकली. पण त्याच्या जागी आलेला हबास पूर्वी तिथेच कोच होता, खेळाडूंना ओळखत होता, आणि एशियन कपसाठी लीग थांबल्यामुळे मधे वेळही मिळाला. त्यातलं फक्त "तीन हारले, काढलं" एवढंच उचलू नका.

जाणाऱ्याला अध्यक्षाने समोर बसवून सांगावं, ग्रुपवर यायच्या आधी. मानधनाचा हिशेब त्याच दिवशी पूर्ण करा. कोणाचा गुडघा दुखतो, कोण कोणत्या जागी अडखळतो ही यादी त्याच्याकडून लिहून घ्या आणि काड्यांच्या वहीसोबत नव्या माणसाच्या हातात द्या.