खगोलवाल्यांकडे कॉम्प्युटरचं बघणारी

माझ्या पदाचं नाव 'संपर्क व तांत्रिक साहाय्य'. लग्नकार्यात कोणी विचारलं की आई सांगते, "ती खगोलवाल्यांकडे कॉम्प्युटरचं बघते." पदनामापेक्षा आईचं वर्णन जास्त बरोबर आहे. आमची हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास, दीडेक हजार सभासद, दोन खोल्यांचं कार्यालय आणि पगारी माणसं तीन. मी बीएस्सी फिजिक्स करून पत्रकारितेची पदविका घेतली आणि इथे आले. अशा नोकरीत नक्की काय करावं लागतं, हे मुलं अधूनमधून विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

संपर्क म्हणजे लिहायचं आणि तांत्रिक साहाय्य म्हणजे बिघडलेलं दुरुस्त करायचं, ही दोन वेगळी कामं आहेत असं मला पहिले काही महिने वाटत होतं. शून्य सावलीच्या दिवशी ते डोक्यातून गेलं.

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये राहणाऱ्यांच्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा नेमका येतो. त्या क्षणी उभ्या काठीची सावली तिच्या पायातच जाते. कोल्हापूरला हे मेच्या पहिल्या आठवड्यात घडतं, पुण्याला 13-14 मेच्या सुमारास, नागपूरला मेच्या शेवटी. आमच्या सरांनी मला टिपण दिलं होतं, त्यात 'स्थानिक मध्यान्ही' असा शब्द होता, म्हणजे त्या गावी सूर्य सर्वांत उंच येतो तेव्हा. तो लोकांना कळणार नाही म्हणून मी पोस्टरवर सोपं करून लिहिलं: दुपारी बरोबर 12 वाजता.

12 वाजून 5 मिनिटांनी पहिला फोन आला. "अहो मॅडम, बाटलीची सावली आहे की अजून! आणि शिबिरातली पोरं उन्हात उभी आहेत." मग फोन थांबेचनात. सर शांतपणे म्हणाले, "भारतभराचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे आणि पुणं चौऱ्याहत्तरच्या जवळ. अंशाला चार मिनिटं धर, बघ किती होतात." चौतीस-पस्तीस झाली. त्यात वर्षभर बदलणारी काही मिनिटांची दुरुस्ती धरली की मेच्या मध्यात पुण्याची खरी मध्यान्ह येते 12 वाजून 31 मिनिटांनी. मी आलेल्या प्रत्येक नंबरवर उलटा फोन लावला, पण तोवर निम्मे लोक गच्चीवरून खाली उतरले होते. दुसरी संधी जुलैअखेर असते, तेव्हा पुण्यात आभाळ कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे थेट पुढच्या मेपर्यंत थांबायचं.

त्या संध्याकाळी मी दोनशेपानी वही आणली. फोनवर माणूस जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. 'लिंक उघडत नाही' असं नाही, तर 'ते निळं दाबलं पण पान पांढरंच राहतंय'. पुढच्या वर्षीच्या पोस्टरवर गावागणिक मिनिटांचा तक्ता होता आणि खाली एक ओळ: 'सावली 12 वाजता जाणार नाही, थांबा.' ही ओळ मला वहीनेच दिली. तेव्हापासून मी कोणतंही पत्रक लिहायला बसले की आधी वही चाळते.

ईमेलचं प्रकरण मात्र वहीतून सुटलं नाही. वर्गणीची आठवण सभासदांना पोहोचत नव्हती, सगळी स्पॅममध्ये. कारण साधं होतं: पत्रं आम्ही एका घाऊक सेवेतून पाठवत होतो आणि ती सेवा आमच्या डोमेनच्या, म्हणजे संस्थेच्या इंटरनेटवरच्या पत्त्याच्या, नावाने पत्र पाठवू शकते अशी नोंद (तिला एसपीएफ आणि डीकेआयएम म्हणतात) डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, केलेलीच नव्हती. जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून या बाबतीत नियम कडक केले आहेत. नोंद करणं दहा मिनिटांचं काम. पण डोमेन होतं एका माजी चिटणीसांच्या मुलाच्या ईमेलवर, मुलगा अमेरिकेत, आणि ओटीपी जायचा तो त्याच्या मध्यरात्री. दहा मिनिटांच्या कामाला नऊ दिवस लागले.

जुन्या अंकांचंही सांगते, कारण मराठी संस्थेत हे तुमच्या गळ्यात पडणारच. अंक श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणताना अर्धा र बिघडतो, 'ताऱ्यांचे'चं 'तार्यांचे' होतं. खगोलाच्या अंकात तारे किती वेळा येतात विचार करा! शोधायला गेलात तर 'ताऱ्यांचे' सापडत नाही. मी शोधा-बदला करून पाहिलं, तेव्हा 'सूर्याचे'चाही 'सूऱ्याचे' झाला. शेवटी निवृत्त प्राध्यापिका असलेल्या एका सभासद मावशींनी आणि मी पानागणिक डोळ्यांनी तपासलं. या कामाला टाळ्या पडत नाहीत, पण मला त्यात फार बरं वाटलं.

कार्यकारिणीबद्दल थोडक्यात: सगळे निवडून आलेले, बिनपगारी, आणि सगळेच तुमचे साहेब. अध्यक्षांना निळं पोस्टर हवं असतं, कोषाध्यक्षांना ते छापायचंच नसतं. मंजुरी एकाच माणसाकडून घ्यायची आणि लेखी घ्यायची. मे महिन्यात सुट्टी मागू नका. शून्य सावली तेव्हाच, आणि 31 मेपर्यंत देणगीदारांची करसवलतीची प्रमाणपत्रंही तेव्हाच, शिवाय 'माझ्या नावात जोशीच्या जागी जोषी झालंय' हे फोनही.

पगार आयटीतल्या मित्रांपुढे सांगण्यासारखा नाही. मी शनिवारी इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं घेते. आत शिरायचं तर आधी स्वयंसेवक व्हा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे, मुंबईत मराठी विज्ञान परिषद 1966 पासून. अशा ठिकाणी कार्यक्रमाच्या दिवशी प्रोजेक्टर जोडणाऱ्या, माइक चालतोय का बघणाऱ्या माणसाची नेहमी गरज असते. माझं नाव पगारपत्रकावर चढायच्या आधी दोन वर्षं मी खुर्च्या मांडल्या. इनस्क्रिप्ट या कळपाटावरचं मराठी टंकलेखन, मेल-मर्ज (एकच पत्र प्रत्येकाच्या नावानिशी काढणं) आणि डीएनएसची तोंडओळख एवढं घरी शिकून घ्या. मुलाखतीत "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हणतात, तेव्हा डोमेन कोणाच्या नावावर आहे ते विचारा.