जुन्या ऑसिलोस्कोपचा पॉवर सप्लाय दुरुस्त करताना या चुका टाळा

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांनी वापरातून काढलेले ऑसिलोस्कोप (विद्युत सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारी उपकरणे), फंक्शन जनरेटर आणि व्होल्टमीटर लिलावातून किंवा भंगारातून नाशिकच्या हौशी मंडळींकडे आणि लहान वर्कशॉपमध्ये येत असतात. बंद पडलेल्या उपकरणात दोष बरेचदा पॉवर सप्लायमध्येच, म्हणजे मेन्सच्या विजेतून आतली डी.सी. व्होल्टेजे तयार करणाऱ्या भागात, सापडतो आणि तो दुरुस्त होण्याजोगा असतो. मात्र मोजमाप न करता सोल्डरिंग गन हातात घेतली, तर मूळच्या एका दोषात आपलेच दोन-तीन दोष मिसळतात आणि मग नेमके काय बिघडले होते, हे शोधणे फार अवघड होऊन बसते.

उपकरण प्रथमच मेन्सला जोडण्यापूर्वी मागच्या बाजूचा व्होल्टेज सिलेक्टर तपासावा. अमेरिकेतून आलेले उपकरण ११५ व्होल्टवर ठेवलेले असू शकते आणि त्याला आपले २३० व्होल्ट दिल्यास फ्यूज उडण्यावरच निभावेल याची खात्री नसते. याहून अधिक फसवी गोष्ट वायरच्या रंगांची आहे. जुन्या अमेरिकन वायरीत काळी तार फेजची, पांढरी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थची असते, तर आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल तार फेजची आणि काळी न्यूट्रलची. तुटलेला प्लग बदलताना सवयीने काळी तार न्यूट्रलला जोडली, की उपकरणाचा फ्यूज आणि एकेरी स्विच न्यूट्रलमध्ये जातात आणि स्विच बंद असतानाही आतील भागात फेज खेळत राहतो. म्हणून रंगावर विसंबू नये. फ्यूजकडे जाणारी तार कोणती, हे मल्टिमीटरने पाहून मगच प्लग बसवावा.

पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये ६० किंवा १०० वॅटचा साधा फिलामेंटचा दिवा ठेवण्याची पद्धत उत्तम आहे, पण ती ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या लिनियर सप्लायसाठी. स्विचिंग सप्लाय, म्हणजे मेन्सचे डी.सी. करून ते अतिवेगाने चालू-बंद करणारा सप्लाय, इनपुट व्होल्टेज कमी झाले की तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी अधिक करंट ओढतो. त्यामुळे सिरीज दिव्यावर चांगला सप्लायही चालू-बंद होत राहतो आणि तो बिघडला आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज वाढवत नेणेही अशा सप्लायला मानवत नाही. शिवाय त्याच्या प्रायमरी बाजूला सुमारे ३२५ व्होल्ट डी.सी. असतात आणि ती बाजू मेन्सपासून विलग नसते. तेथे ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप लावली, तर मेन्सचा थेट शॉर्ट होतो. हे टाळण्यासाठी मोजणाऱ्या ऑसिलोस्कोपचे अर्थिंग काढणारे लोक दिसतात; तसे कधीही करू नये, कारण मग त्याची संपूर्ण बॉडीच जिवंत होते. ज्याची दुरुस्ती चालू आहे त्या उपकरणाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सपासून विलग करणारा) द्यावा. वीज काढल्यावरही चार्ज धरून ठेवणारे मोठे कॅपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट न करता योग्य वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामे करावेत आणि मीटरने खात्री करून घ्यावी.

सर्वांत अधिक चुका कॅपॅसिटरच्या बाबतीत होतात. जुने उपकरण म्हणून सगळे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सरसकट बदलून टाकणे ही दुरुस्ती नव्हे. आधी प्रत्येक लाइनवरचा, म्हणजे सप्लायमधून निघणाऱ्या प्रत्येक व्होल्टेजवरचा, रिपल (डी.सी.मध्ये उरलेला चढउतार) पाहावा. ५० हर्ट्झच्या मेन्सवर फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरचा रिपल १०० हर्ट्झ असतो. तो ५० हर्ट्झ दिसला, तर कॅपॅसिटर बदलण्याआधी रेक्टिफायरच्या ब्रिजमधील एखादा डायोड आतून तुटून ओपन झाला आहे का, ते तपासावे. नुसती मायक्रोफॅरडमधील किंमत मोजून कॅपॅसिटर चांगला ठरवता येत नाही, कारण किंमत जवळपास बरोबर असूनही ई.एस.आर. (कॅपॅसिटरचा अंतर्गत रेझिस्टन्स) वाढलेला असू शकतो. थंडीत तो आणखी वाढतो. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी सुरू न होणारे आणि दुपारी व्यवस्थित चालणारे उपकरण दिसले, तर संशयाची सुई प्रथम सुकलेल्या इलेक्ट्रोलिटिककडे वळवावी. स्विचिंग सप्लायमध्ये तर स्टार्ट-अप सर्किटमधील छोट्या कॅपॅसिटरकडे.

बदलताना मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर घालण्याचा मोहही टाळावा, कारण चार्जिंगच्या करंटचे झटके वाढून डायोड आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. टेकट्रॉनिक्स ४६५ सारख्या ऑसिलोस्कोपमध्ये मोठ्या डबा-कॅपॅसिटरच्या बॉडीचे अनेक पाय बोर्डवरील ग्राउंडचे वेगवेगळे पट्टे एकमेकांना जोडत असतात. त्या जागी दोन पायांचा नवा कॅपॅसिटर लावून बाकीची छिद्रे मोकळी सोडली, तर ग्राउंड तुटते आणि नवा, विचित्र दोष जन्माला येतो. ती छिद्रे जाड तारेने जोडून घ्यावीत.

टँटलम कॅपॅसिटर शॉर्ट होऊन संपूर्ण लाइनचे व्होल्टेज पाडतात, आणि ४६५ च्या १५ व्होल्टच्या लाइनवर हा दोष नेहमीचा आहे. अशा वेळी रेग्युलेटरचे भाग बदलत बसण्यापेक्षा उपकरण मेन्सवरून काढून ती लाइन आणि ग्राउंड यांमधील रेझिस्टन्स मोजावा. मग करंटची मर्यादा घातलेल्या बेंच सप्लायने तिला योग्य पोलॅरिटीने एक-दोन व्होल्ट देऊन बोर्डवर व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये कोणत्या दिशेने घटत जाते ते शोधत शॉर्टपर्यंत पोहोचावे. नवा भाग बसवताना एक बारकावा लक्षात ठेवावा: अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकवरचा पट्टा ऋण टोक दाखवतो, तर टँटलमवरची खूण धन टोकाची असते. उलटा बसलेला टँटलम पेट घेऊ शकतो.

मेन्स फिल्टरमधील रिफा कंपनीचे पिवळसर पारदर्शक आवरणाचे कागदी कॅपॅसिटर मात्र अजून चांगले चालत असले तरीही बदलावेत. आवरणाला बारीक तडे जाऊन ते ओलावा शोषतात, आणि पावसाळाभर बंद ठेवलेल्या उपकरणाला वीज दिल्यावर काही मिनिटांत दुर्गंधीयुक्त धूर निघतो. त्यांच्या जागी योग्य व्होल्टेजचे एक्स किंवा वाय वर्गाचे सुरक्षा कॅपॅसिटरच लावावेत, साधे फिल्म कॅपॅसिटर नव्हेत.

व्होल्टेज थोडे कमी दिसताच ट्रिमपॉट (व्होल्टेज जुळवण्याचा छोटा फिरता रेझिस्टर) फिरवू नये. ४६५ मध्ये ५५ व्होल्टची लाइन इतर लाइनींचा संदर्भ आहे. ती हलली की त्या सर्व हलतात आणि त्यांबरोबर व्हर्टिकल गेन व स्वीपचे टायमिंगही (पडद्यावरचे उभे व आडवे मोजमाप) बदलते. म्हणून संदर्भ लाइन प्रथम मोजावी, रिपल आणि लोड तपासावा, आणि सर्व्हिस मॅन्युअलमधील मर्यादेबाहेर असेल तरच तिला हात लावावा. मॅन्युअल बहुतेक मॉडेलांचे मिळते. ते न वाचता काम सुरू करू नये.

पास ट्रान्झिस्टर (रेग्युलेटरमध्ये लोडचा करंट वाहणारा) बदलल्यास मायका वॉशर आणि थर्मल पेस्ट लावून, कलेक्टर आणि हीटसिंक यांमध्ये विद्युत जोडणी झालेली नाही हे मीटरने पाहावे. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा तात्पुरताही लावू नये. सर्व काम झाल्यावर उपकरण झाकण बंद करून दोन-तीन तास चालवावे आणि नंतर लगेच सर्व लाइनींची व्होल्टेजे पुन्हा मोजून सुरुवातीच्या नोंदींशी ताडून पाहावीत.